उभ्या गाडीची बॅटरी

धारहून मांडवगडाकडे जाताना वाटेत नालछा लागते. आषाढ-श्रावणात या रस्त्याची शोभा काय वर्णावी! मांडवगडावरचे धुके पाहायला इंदूरकडची माणसे गाड्या भरभरून याच वाटेने जातात. परंतु ज्याच्या पदरी एखादी जुनी, कापडी टपाची, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार आहे, तो गृहस्थ नेमक्या याच दिवसांत तिला कोठीत नेऊन बंद करतो. काळ्या मातीचा चिखल, गळका टप, पत्र्याला धरणारा गंज, ही सारी कारणे रास्तच आहेत. गाडी धुऊन-पुसून तिच्यावर चादर घातली जाते आणि दाराला कुलूप लागते. मग दसऱ्याला शस्त्रांबरोबर वाहनाचीही पूजा व्हायची म्हणून कुलूप निघते, किल्ली फिरते, आणि गाडीच्या पोटातून 'टक्' असा एकच आवाज येतो. पुढे सारे शांत.

युरोपात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हाच प्रसंग वसंत ऋतूत घडतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीचा पत्रा खाते, म्हणून हौशी लोक आपल्या जुन्या गाड्या चार-पाच महिने बाहेर काढीतच नाहीत. त्यांचा तो हिवाळा, आपला हा चातुर्मास. समजूत मात्र दोन्हीकडे एकच असते. गाडी उभी आहे, तिला काही काम नाही, तेव्हा तिची बॅटरीही विसावा घेत असेल, असे मालकाला वाटते. ही समजूत खोटी आहे, आणि ती का खोटी आहे हेच आज मला सांगायचे आहे. बसून खाणाऱ्याला कुबेराची संपत्तीही पुरत नाही असे आपण म्हणतो. बॅटरी ही अशीच बसून खाणारी वस्तू आहे.

हा विषय चार श्रीमंतांच्या हौसेचा आहे, असे कोणी म्हणेल. माळव्याला ती हौस नवी नाही हे खरेच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची दोन आसनी गाडी तयार झाली होती. तिची वरची काया लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवली. त्या काळातल्या गाड्यांचा इतिहास लिहिणारे आजही तिचे नाव घेतात. पण १२ व्होल्टची जी शिशाची बॅटरी हौशी माणसाच्या मोटारीत असते, तिचीच भावंडे ट्रॅक्टरमध्ये, रुग्णवाहिकेत आणि घरच्या इन्व्हर्टरपाशी असतात. २०२० च्या मार्च महिन्याअखेर देशभर टाळेबंदी झाली, गाड्या आठवडेच्या आठवडे दारात उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर गावोगावच्या बॅटरीवाल्यांना उसंत मिळेना. त्या गाड्यांच्या बॅटऱ्या वापरून संपल्या नव्हत्या. उभ्या राहून संपल्या होत्या. मध्यरात्री घरातल्या कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि अंगणातली गाडी नुसती 'टक्' म्हणून थांबली, तर तो प्रश्न हौसेचा राहत नाही.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर कायद्यानेच त्यांना पुष्कळसे बसवून ठेवले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही अक्षरे असलेली वेगळी नोंदणी सुरू केली. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्याच कामांसाठी तिला बाहेर पडण्याची मुभा आहे. त्याच वर्षी याच धार जिल्ह्यात पिथमपूरला नव्या गाड्यांच्या वेगचाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा गोल रस्ता सुरू झाला. नव्या गाड्या तिथे भरधाव धावतात, जुन्यांनी मात्र घरात बसायचे. आणि बसून राहणे हाच तर बॅटरीचा खरा रोग आहे.

आता बॅटरीच्या पोटात काय चालते ते पाहू. शिशाची बॅटरी ही फ्रान्सच्या गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाची १८५९ सालची देणगी. एवढ्या वर्षांत तिचे मूळ रसायन बदललेले नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात आणि प्रत्येक खण दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब देतो. खणात दोन जातींच्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात. एका जातीवर राखाडी, सच्छिद्र शिसे असते. दुसरीवर शिशाचे तपकिरी ऑक्साइड. दोन्ही पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होऊ लागली की अम्लातले गंधकाचे अंश प्लेटांवर जाऊन बसतात, दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते, आणि मागे राहिलेले अम्ल पातळ होत होत पाण्यासारखे होऊ लागते. चार्ज करणे म्हणजे हीच गाडी उलट दिशेने हाकणे: सल्फेट मोडते, गंधक अम्लात परत येतो, प्लेटा पहिल्यासारख्या होतात.

यातली मेख अशी, की नुकतेच बसलेले सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्ज करताच सहज मोडते. तेच आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे खडे मोठे आणि टणक होतात. आपल्याकडे खडीसाखर कशी करतात ते आठवा. साखरेचा पाक न हलवता शांत ठेवला की दिवसेंदिवस त्यात खडे धरतात, आणि एकदा धरलेला खडा पुन्हा विरघळवायला किती सायास पडतात! रिकाम्या बॅटरीत शिशाची खडीसाखर अशीच जमते. मग चार्जर कितीही वेळ लावा, तेवढा भाग वीज घेतही नाही आणि देतही नाही. दसऱ्याला 'टक्' म्हणणारी बॅटरी पुष्कळदा नुसती रिकामी नसते, आतून दगडावलेली असते. आणि पुरती भरलेल्या बॅटरीत हा रोग बहुधा होतच नाही, कारण तिथे खडे धरायला सल्फेटच नसते. पुढचा सारा उपचार या एका वाक्यावर उभा आहे.

पण गाडी बंद असताना बॅटरी रिकामी होतेच कशी? दोन वाटांनी. पहिली वाट तिच्या पोटातच आहे. तारा काढून बॅटरी फळीवर ठेवली तरी आतली रासायनिक क्रिया हळूहळू चालूच राहते. आजच्या चांगल्या बॅटऱ्यांत ही गळती महिन्याला शेकडा तीन ते पाच असते. जुन्या पद्धतीच्या आणि वय झालेल्या बॅटऱ्यांत पुष्कळ अधिक. उष्णतेने ती वाढते. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी चढले की गळती जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे माळव्यात वैशाखात चाळीस अंशांवर पत्र्याखाली तापणारी बॅटरी ही पौषातल्या बॅटरीहून कितीतरी वेगाने आटत असते. लोक थंडीला दोष देतात, कारण गाडी थंडीत अडते. थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीतली क्रिया मंदावते, आणि उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी त्या परीक्षेत नापास होते. परीक्षा पौषात असली तरी उनाडक्या वैशाखातल्या, हे आम्हा शिक्षकांना निराळे सांगायला नको.

दुसरी वाट बाहेरची. जुन्या गाडीत फार तर एखादे घड्याळ असायचे. हल्ली तिच्यात चोरघंटा, रेडिओ अशा वस्तू मागाहून बसवलेल्या असतात, आणि गाडी बंद असतानाही त्या चोरपावलांनी वीज पीत राहतात. अंकगणित करून पाहू. समजा ही चोरटी वीज केवळ ३० मिलिअ‍ॅम्पिअर आहे. दिवसाच्या चोवीस तासांत ती ०.७२ अ‍ॅम्पिअर-तास होते आणि तीस दिवसांत २१.६. बॅटरी ४५ अ‍ॅम्पिअर-तासांची असेल, तर महिन्यात निम्मी वीज गेली. आषाढात कुलूप लावले आणि अश्विनात काढले, तर मध्ये काय उरणार? थेंबे थेंबे तळे साचते तसे ते आटतेही.

तेव्हा पहिले काम तारा सोडवण्याचे. इथे जुन्या गाडीच्या मालकाने विशेष सावध राहावे. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. कितीएक जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक सांगाड्याला असे. एम. जी. बी. ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी १९६७ पर्यंत तशीच येत होती, आणि तिच्यात बारा व्होल्टची एक बॅटरी नसून आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन जोडलेल्या असत. म्हणून 'काळी तार आधी' असे पाठ करून चालत नाही. कोणती तार सांगाड्याला गेली आहे ती डोळ्यांनी पाहावी, आणि तीच आधी सोडावी. कारण साधे आहे. दुसरी तार आधी सोडू लागलो आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर सारी वीज त्या पान्यातून धावते, ठिणग्या उडतात, पाना तापून हात भाजतो. सांगाड्याची तार निघाल्यावर हे भय उरत नाही. जोडताना क्रम उलटा: सांगाड्याची तार शेवटी. हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवावे; धातूच्या अंगठीतून एवढी वीज गेली तर बोट वाचत नाही.

बॅटरी बाहेर काढल्यावर ती पुसून कोरडी करावी. वरच्या झाकणावरची ओलसर धूळसुद्धा दोन टोकांमध्ये विजेची पायवाट होऊन बसते. टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो निघतो. सोड्याचा थेंब खणात जाऊ देऊ नये एवढेच. मग स्वच्छ फडक्याने पुसून टोकांना व्हॅसलिनचा हात फिरवावा. ठेवण्याची जागा कोरडी, सावलीची आणि हवेशीर असावी. बॅटरी फरशीवर ठेवली की तिची वीज जमिनीत जाते, असे जुने लोक सांगतात. लाकडी पेटीतल्या बॅटऱ्यांच्या काळी ओल्या जमिनीपायी वीज झिरपत असे, तेव्हाची ती शिकवण आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला तिची बाधा नाही. तरी फळीवर ठेवली तर बिघडले काही नाही, खालची फरशी अम्लाच्या डागापासून वाचेल.

गाडीबाहेर काढून ठेवली तरी बॅटरीला खाऊ घालावे लागतेच. महिन्यातून एकदा तिचा दाब मोजावा. व्होल्टमीटर आता कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. चार्ज केल्यावर लगेच मोजू नये, आकडा फसवतो. काही तास, शक्य तर रात्रभर, तिला स्वस्थ ठेवून मग मोजावे. १२.६ किंवा त्याहून थोडा अधिक आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या आसपास आला तर पाव वीज गेली आहे, त्याच दिवशी चार्ज करावे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट आहेत म्हणून समाधान मानणाऱ्याची फसगत होते ती इथेच. ज्या बॅटऱ्यांची बुचे उघडतात त्यांत काचेच्या नळीचे हायड्रोमीटर घालून अम्लाचे विशिष्ट गुरुत्वही पाहता येते. भरलेल्या बॅटरीत ते १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते. सहा खणांपैकी एकाच खणाचा आकडा बराच खाली असेल, तर तो खण गेला असे समजावे आणि त्या बॅटरीवर आणखी पैसा घालू नये.

पाण्याबद्दल एक शब्द. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढे आधी, आणि खुणेपर्यंत पूर्ण चार्ज झाल्यावर, ऊर्ध्वपातित पाणी, ज्याला बाजारात डिस्टिल्ड वॉटर म्हणतात तेच, घालावे. विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटांचे कायमचे वैरी होत. आणि अम्ल वरून कधीच घालू नये. पाणी उडून जाते, अम्ल जात नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

चार्ज करण्याचा वेग बॅटरीच्या क्षमतेच्या दशांशाइतका ठेवावा असा जुना दंडक आहे: ४५ अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीला चार-साडेचार अ‍ॅम्पिअर. गावातल्या दुकानात कोणी दोन तासांत भरून देतो म्हणाला, तर त्याचे आभार मानून बॅटरी परत आणावी. घाईने भरलेली बॅटरी तापते आणि तिच्या प्लेटा वाकतात. साधा, जुन्या धाटणीचा चार्जर लावून कित्येक दिवस विसरून जाणे हेही तितकेच घातक. तो पोट भरल्यावरही वाढतच राहतो, पाणी उकळ्या मारून उडून जाते आणि प्लेटा उघड्या पडतात. हल्ली मिळणारे छोटे, स्वयंचलित चार्जर मात्र शहाणे असतात. बॅटरी भरली की ते दाब १३.२ ते १३.६ व्होल्टांवर आणून ठेवतात आणि जेवढी गळती तेवढीच भर घालीत राहतात. असा चार्जर चातुर्मासभर लावून ठेवला तरी चालतो. मधूनमधून वीज गेली तरी त्याचे अडत नाही. शेतावरच्या कोठीत विजेची जोडणीच नसेल, तर पाच-दहा वॉटचे सौरफलक आणि त्याला नियंत्रक जोडून हेच काम होते. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, मग त्याचा काय उपयोग, असा प्रश्न कोणी करील. पण तारा सोडवलेल्या बॅटरीची भूक किती ती पाहा: महिन्याला शेकडा पाच धरले तरी सव्वादोन अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे दिवसाला ०.१ अ‍ॅम्पिअर-तासाहूनही कमी. ढगाआडच्या उजेडातही एवढे सहसा मिळून जाते.

पुष्कळ घरांत एक निराळीच रीत आहे. दर रविवारी गाडी जागच्या जागी सुरू करायची, पाच मिनिटे घुरघुरू द्यायची आणि बंद करायची. मालकाला कर्तव्य केल्याचे समाधान लाभते, बॅटरीला काहीच लाभत नाही. जुन्या गाड्यांत वीज करणारा डायनॅमो असतो, आणि इंजिन मंद फिरत असताना तो बॅटरीला जवळजवळ काही देत नाही. समोरचा तांबडा दिवा तेवत असतो तो हेच सांगत असतो. उलट प्रज्वलनाला लागणारी वीज तेवढा वेळ बॅटरीतूनच जाते. शिवाय इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी तेलात आणि धुराच्या नळीत राहून गंज चढवते. गाडी सुरू करायचीच असेल तर उघडीप पाहून अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. ते जमत नसेल तर तिला हात लावू नये.

भारताबाहेर, कॅनडासारख्या थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक भय असते. रिकाम्या बॅटरीतले अम्ल पाण्यासारखे पातळ झालेले असल्याने शून्याखाली आठ-दहा अंशांतच ते गोठू शकते आणि पेटी फुटते. भरलेली बॅटरी शून्याखाली साठ अंशांपर्यंत गोठत नाही. तिथेही औषध तेच: भरून ठेवा.

धोक्याची गोष्ट मुद्दाम ठळकपणे सांगतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून चार्ज करताना खिडकी उघडी ठेवावी, विडी-काडी दूर ठेवावी. समई, निरांजन किंवा चूल जवळ असलेल्या खोलीत तर बॅटरी नेऊच नये. चार्जरचे चिमटे आधी बॅटरीला लावावेत, मग चार्जरचे बटण दाबावे, आणि काढताना बटण आधी बंद करावे. दुसऱ्या गाडीची वीज उसनी घ्यायची वेळ आली तर शेवटचा चिमटा बॅटरीच्या टोकाला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात तो यासाठीच. एक गाडी धन सांगाड्याची आणि दुसरी ऋण सांगाड्याची असेल, तर दोघींचे पत्रे एकमेकांना टेकू देऊ नयेत. अशा वेळी जाणत्या कारागिराला बोलावणे उत्तम. अम्ल अंगावर उडाले तर तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे डोळा पाण्याखाली धरून तसेच डॉक्टरांकडे जावे.

इतके करूनही बॅटरीचे आयुष्य संपतेच. आपल्या हवेत तीन-चार वर्षे नीट चालली तरी तिने चाकरी चोख बजावली म्हणावे. पुढे तिचे काय करायचे? नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या दामातून वळती करून घ्यावी. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतले शिसे पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. चार पैसे जास्त देतो म्हणून दारावरच्या भंगारवाल्याला ती विकू नये. अशा बॅटऱ्या पुष्कळदा वस्तीतच हातोड्याने फोडतात, अम्ल गटारात ओततात आणि शिसे उघड्या भट्टीवर वितळवतात. त्या धुरातले आणि धुळीतले शिसे लहान मुलांच्या रक्तात उतरते, त्यांच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून जुनी बॅटरी देताना दुकानदाराकडून तशी पावती मागून घ्यावी, आणि नवीच्या पेटीवर खरेदीचा महिना व वर्ष पक्क्या शाईने लिहून ठेवावे.